डबा की डीपी? चंद्रपूर–गडचिरोलीतल्या छोट्या उपकेंद्रांचा आढावा

दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून निघालेली ५०० केव्हीची एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी ७५२ किलोमीटर अंतर तोडून पडघ्याला पोहोचते आणि १,५०० मेगावॅटपर्यंत वीज मुंबईच्या वेशीवर नेऊन ठेवते. भद्रावतीला देशाचे पश्चिम आणि दक्षिण जाळे जोडणारे केंद्र आहे. एवढा सगळा पसारा चंद्रपुरात आहे. शेजारचा गडचिरोली १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. तिथे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि आलापल्लीच्या जंगलात एखादे झाड तारेवर कोसळले की वीजही जाते.

वीज तयार करणे आणि लांब पाठवणे हे प्रश्न इथे कधीच सुटले आहेत. अडते ते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ११ केव्हीचा दाब घरातल्या दिव्याला आणि शेतातल्या पंपाला चालेल इतका खाली आणताना. हे काम रोहित्र करते. रोहित्राभोवतीचे स्विच, फ्यूज, केबल आणि पेट्या मिळून जे होते ते वितरणाचे सर्वात लहान उपकेंद्र. गावात ते दोन खांबांवर उभे असते आणि लोक त्याला डीपी म्हणतात. शहरात, रुग्णालयांच्या आवारात, कारखान्यांत आणि खाणींत त्याची जागा आता कारखान्यातून तयार होऊन आलेला बंद डबा घेऊ लागला आहे. निविदांत त्याला कॉम्पॅक्ट, पॅकेज किंवा युनिटाइज्ड सबस्टेशन म्हणतात आणि तिन्ही शब्द सैलपणे वापरले जातात. या डब्यांचे प्रकार कोणते, ते एकमेकांपासून कशात वेगळे आहेत आणि या दोन जिल्ह्यांत कोणता कुठे चालेल, याचा हा आढावा.

आधी डीपीचे गुणदोष

डबा कशाची जागा घेतो हे कळल्याशिवाय त्याची तुलना करता येत नाही. डीपीवर सगळ्यात वर एबी (एअर ब्रेक) स्विच, त्याखाली तीन डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज, बाजूला वीज अंगावर घेणारे लायटनिंग अरेस्टर, चॅनलवर रोहित्र आणि खाली कमी दाबाची पेटी असते. पेटीत किटकॅट म्हणजे चिनी मातीचे फ्यूज असतात. रात्री अंधार झाला की जनमित्र म्हणजे लाइनमन खाली उभा राहून बॅटरीचा झोत वर टाकतो. तीनपैकी एक डीओ खाली लोंबकळताना दिसला की बिघाड अर्धा सापडला. एबी स्विच उघडायचा, नवी फ्यूज तार बांधायची, काठीने डीओ परत चढवायचा. यातले काहीही बिघडले तरी सुटा भाग मिळतो आणि तो बसवणारा माणूस तालुक्यात असतो.

दोषही तितकेच उघड आहेत. जिवंत भाग उघडे असल्याने वानर, साप, पक्षी आणि पावसाळ्यात चढणाऱ्या वेली थेट बुशिंगपर्यंत पोहोचतात. पेटीचे दार बहुतेक ठिकाणी तुटलेले किंवा गायब असते. किटकॅटमध्ये नेमकी तार न घालता मिळेल ती जाड तार गुंडाळली जाते, मग फ्यूज उडत नाही आणि रोहित्र जळते. रानडुकरांपासून धान वाचवायला कुंपणात वीज सोडण्याचा प्रकार दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्यात वाघही मरतात आणि माणसेही. उघड्या तारा आणि उघड्या पेट्या हे त्यासाठी टाकल्या जाणाऱ्या आकड्याचे माहेरघर आहे.

डब्याचे पाच प्रकार

पहिला आणि भारतात सर्वात जास्त दिसणारा प्रकार युरोपीय घडणीचा. एका पत्र्याच्या घरात तीन खोल्या असतात. एका बाजूला ११ किंवा ३३ केव्हीचे आरएमयू म्हणजे रिंग मेन युनिट, मध्ये रोहित्र, दुसऱ्या बाजूला कमी दाबाचे ब्रेकर. आरएमयूमुळे वीज दोन दिशांनी घेता येते. एका बाजूची केबल गेली तर दुसरी चालू करायची. या प्रकारासाठी १९९५ मध्ये आयईसी ६१३३० हे मानक आले, २००६ मध्ये त्याची जागा आयईसी ६२२७१-२०२ ने घेतली आणि पुढे २०१४ व २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आत ठिणगीचा स्फोट झाला तर गरम वायू कुठे जाईल याची चाचणी हे या मानकाचे महत्त्वाचे अंग आहे. ‘आयएसी-ए’ म्हणजे दार उघडून काम करणारा कर्मचारी सुरक्षित, ‘आयएसी-बी’ म्हणजे बाहेरून जाणारा नागरिक सुरक्षित, ‘आयएसी-एबी’ म्हणजे दोघेही. बाजारपेठेत किंवा शाळेजवळ बसवायच्या डब्याला ‘बी’ नसेल तर तो घेऊ नये.

दुसरा प्रकार अमेरिकी पॅड-माउंट. यात वेगळे आरएमयू नसते. स्विच आणि फ्यूज रोहित्राच्याच तेलात बुडवलेले असतात आणि केबल कोपराच्या आकाराच्या बंद जोडणीने लागते. आकार सर्वात लहान आणि समोर एकही उघडा जिवंत भाग नाही. पण आतला स्विच बिघडला तर पूर्ण रोहित्र उतरवावे लागते आणि अशा जोडण्यांचे सुटे भाग आपल्याकडच्या भांडारांत सहसा नसतात.

तिसरा प्रकार काँक्रीटच्या घराचा. गंज नाही, आवाज कमी, आग लागली तरी भिंत टिकते. अडचण वजनाची. ६३० केव्हीएचा पत्र्याचा डबा साधारण चार-पाच टनांत बसतो आणि एक हायड्रा क्रेन तो ट्रकवरून उचलून चौथऱ्यावर ठेवते. काँक्रीटचा डबा दहा टनांच्या वर जातो. एटापल्ली किंवा कोरचीकडच्या आतल्या रस्त्यांवर, लहान पुलांवर, तेवढे वजन आणि ते उचलणारी क्रेन दोन्ही नेणे अवघड आहे.

चौथा प्रकार घसरपट्टीवर (स्किडवर) किंवा ट्रेलरवर बसवलेला, म्हणजे हलवता येणारा. याचे खरे घर खाण. उघड्या कोळसा खाणीत खोदकाम पुढे सरकते तसे शॉव्हेल आणि ड्रिल मशीन पुढे जातात, त्यांना ३.३ किंवा ६.६ केव्ही वीज लागते आणि सुरुंगाच्या आधी उपकेंद्र मागे ओढावे लागते. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती या परिसरात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींचे वेळापत्रक या हलवाहलवीवर चालते. भूमिगत खाणीत मात्र तेलाचे रोहित्र नको. तिथे ज्वालारोधक कवचातले कोरडे रोहित्र आणि त्याला जोडलेला स्विच असे एकच युनिट वापरतात. सौर प्रकल्पांत इन्व्हर्टरजवळ बसणारे रोहित्रही याच घसरपट्टीच्या कुळातले.

पाचवा प्रकार ई-हाउस. यात ३३/११ केव्ही उपकेंद्राची नियंत्रण खोली, सगळे ब्रेकर, बॅटरी आणि संरक्षक रिले कंटेनरसारख्या घरात जोडून, तपासून आणतात. मोठे रोहित्र बाहेर उघड्यावरच राहते. वीट-सिमेंटचे बांधकाम वाचत असल्याने महिन्यांचे काम आठवड्यांवर येते. जिथे गवंडी, वाळू आणि पाणी तिन्ही पावसाळ्याआधीच मिळवावे लागतात, तिथे हा फायदा मोठा आहे.

आत काय भरायचे

बाहेरचे घर कोणतेही असो, आतल्या दोन निवडी ठरवाव्या लागतात. पहिली रोहित्राची. साधे खनिज तेल स्वस्त आहे आणि सगळ्यांना हाताळता येते. पण ६३० केव्हीएच्या रोहित्रात पाच-सहाशे लिटर तेल असते. ते जळते, चोरीला जाते आणि नाल्यात गेले तर पाणी नासवते. वनस्पती तेलापासून केलेला एस्टर द्रव ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेत नाही आणि मातीत विघटित होतो. तो महाग आहे, पण ताडोब्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या पर्यटन संकुलांना किंवा कोरड्या पानगळीच्या जंगलाला लागून असलेल्या जागेला हा खर्च शोभतो. राळेत ओतलेले कोरडे रोहित्र रुग्णालयाच्या तळघरासाठी उत्तम. कोळशाची किंवा सिमेंटची धूळ आणि वरून दमट हवा असेल तर त्याच्या गुंडाळीवर थर बसतो आणि वर्षातून दोनदा साफसफाई लागते. घुग्घुस किंवा गडचांदूरच्या धुळीत डब्यातले कोरडे रोहित्र म्हणजे विकतचे दुखणे.

दुसरी निवड आरएमयूची. बहुतेक आरएमयूत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो. तो उत्तम विद्युतरोधक आहे, पण हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २४,००० पट जालीम. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या उपकरणांत तो १ जानेवारी २०२६ पासून बंद केला. आपल्याकडे अजून तशी सक्ती नाही. आपल्यासाठी जवळचा प्रश्न वेगळा आहे. आरएमयूतली वायूची टाकी कायमची सीलबंद असते. वायू गळून काटा लाल पट्ट्यात गेला की तो स्विच चालवायचा नाही आणि जागेवर वायू भरायची सोयही सहसा नाही. पूर्ण आरएमयू बदलायचे. कोरडी हवा आणि व्हॅक्यूम वापरणारी आरएमयू आता मिळतात, आकाराने थोडी मोठी आणि किमतीने चढी. जंगल तालुक्यात आज डबा घ्यायचा असेल तर हाच पर्याय पुढच्या २५ वर्षांसाठी शहाणपणाचा.

उन्हाळ्याची परीक्षा

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे मे महिन्यात देशभरच्या बातम्यांत येतात ती ४६-४७ अंशांसाठी. आंतरराष्ट्रीय मानकातली रोहित्रे कमाल ४० अंश हवेसाठी बेतलेली असतात. भारतीय मानक ५० अंश धरते आणि म्हणून रोहित्राला आत तापायची सूट कमी देते. डब्यात मात्र आणखी एक भर पडते. बंद घरात रोहित्र उघड्यापेक्षा किती अंश जास्त तापते त्यावरून घराचा वर्ग ठरतो : ५, १०, १५, २०, २५ किंवा ३०. वर्ग १० च्या डब्यातले पूर्ण भाराचे रोहित्र ४६ अंशांच्या दुपारी जणू ५६ अंशांच्या हवेत उभे असते, वर्ग २० चे ६६ अंशांच्या.

रोहित्रातल्या कागदी आवरणाचे आयुष्य गुंडाळीचे तापमान दर सहा अंशांनी वाढले की निम्मे होते, असे अभियंते धरून चालतात. बारा अंश वाढले तर पाव. विदर्भात भाराचा कळसही नेमका याच दिवसांत येतो. दुपारी वातानुकूलन यंत्रे आणि रात्रभर कूलर. म्हणजे बाहेर सर्वात जास्त ऊन, डब्यात सर्वात जास्त भार आणि वारा नसलेली रात्र ही तिन्ही एकाच काळात येतात. त्यात झरोक्यांवर राख आणि धूळ बसली की वर्ग १० चा डबा दोन वर्षांत वर्ग २० सारखा वागू लागतो. म्हणून इथे ‘६३० केव्हीए’ एवढेच लिहून डबा मागवणे पुरेसे नाही. घराचा वर्ग १० किंवा त्याहून कमी मागायचा, रोहित्र एक पायरी मोठे घ्यायचे आणि झरोक्यांच्या जाळ्या बाहेरून काढून धुता येतील अशा हव्यात.

पाणी, केबल आणि जनावरे

गडचिरोलीत वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० मिलीमीटर पाऊस पडतो. पुराचा धडा महाराष्ट्राने दोनदा घेतला आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या उपनगरांत आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात उपकेंद्रे पाण्याखाली गेली. डीपीचे रोहित्र जमिनीपासून बरेच वर असते आणि पूर ओसरल्यावर खालची पेटी वाळवून ते चालू होते. डब्याचे सगळेच अवयव जमिनीलगत असतात. भामरागड, सिरोंचा आणि चंद्रपुरात इरई-झरपटच्या काठचा सखल भाग इथे डबा बसवायचाच असेल तर चौथरा माहीत असलेल्या पूररेषेच्या वर हवा. तेवढ्या उंचीवर दार उघडून काम करायला मचाणही बांधावे लागेल आणि हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

डब्याला वीज केबलने येते, आपल्या वाहिन्या मात्र तारांच्या. म्हणून डब्याशेजारी एक खांब उभा राहतो, त्यावर तारेची केबल होते आणि ती जमिनीखालून आत जाते. डब्याच्या बिघाडांत मोठा वाटा या केबलच्या दोन टोकांवरच्या जोडणी-किटचा असतो. जोडणाऱ्याचा हात कच्चा असेल किंवा पावसात किट बसवली असेल तर ती वर्षभरात फुटते. त्या खांबावर लायटनिंग अरेस्टर आणि चांगले अर्थिंग नसेल तर मृगाच्या आधीच्या विजा थेट आरएमयूत उतरतात. सुरजागडच्या बाजूच्या खडकाळ जमिनीत चांगले अर्थिंग मिळवायला दोनऐवजी चार-सहा खड्डे लागतात.

जनावरांच्या बाबतीत डबा सरळ जिंकतो. वानराला धरायला उघडे काही नाही, तळाची भोके बुजवली तर साप आणि घुशीही आत येत नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमार्गे आलेला रानहत्तींचा कळप कोरची, कुरखेडा, वडसा भागात फिरू लागल्यापासून लोंबकळणाऱ्या तारांचा धोका आणखी वाढला आहे. पण त्यावर डबा हा अर्धाच उपाय. उघडी तार तशीच राहिली तर डब्याने काही साधत नाही. तिथे आच्छादित तार किंवा गुंडाळलेली एबी (एरियल बंच्ड) केबल लागते. कुंपणात सोडलेल्या विजेलाही तोच अटकाव, सोबत गळती ओळखून वीज तोडणारी यंत्रणा.

जंगलात जागा कोण खातो

डब्याची सर्वात मोठी जाहिरात जागेची. शहरात ती खरी आहे. चौथऱ्यावरच्या उघड्या उपकेंद्राला कुंपण धरून जेवढी जागा लागते तिच्या एका लहान भागात डबा बसतो. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत हा फायदा निर्णायक ठरतो. जंगलात मात्र जमीन खातो तो तारांचा पट्टा. वनजमिनीत ११ केव्हीच्या वाहिनीला ७ मीटर आणि ३३ केव्हीच्या वाहिनीला १५ मीटर रुंद पट्टा धरतात. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार गावाच्या वीजवाहिनीसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडे घेता येतात. ७ मीटरच्या पट्ट्यात एक हेक्टर म्हणजे जेमतेम १.४ किलोमीटर वाहिनी. १५ मीटरच्या पट्ट्यात साडेसहाशे मीटरच्या आसपास. पुढे गेले की वनसंवर्धन कायद्याची लांब वाट धरावी लागते. मेंढा (लेखा) सारख्या ग्रामसभा २००९ पासून सामूहिक वनहक्क चालवतात, त्यांच्यासमोर डब्याचे माहितीपत्रक ठेवण्यापेक्षा वाहिनी रस्त्याकडेने आच्छादित नेऊ, अशी योजना ठेवणे जास्त उपयोगी.

दुरुस्तीचा हिशेब

कागदावर डबा बऱ्याच कसोट्यांत पुढे आहे. किमतीत तो मागे पडतो. मोठ्या क्षमतेत साधारण दुपटीच्या घरात, क्षमता लहान होत जाते तसा फरक आणखी वाढतो. पण या दोन जिल्ह्यांत निर्णय किमतीवरही ठरू नये. तो दुरुस्तीच्या वेळेवर ठरावा.

शहरात आरएमयू असलेला डबा बिघडला की दुसऱ्या बाजूने वीज घेता येते, कारण तिथे दुसरी बाजू असते. भामरागडला वाहिनी एकच. तिथे आरएमयूचा दुसरा स्विच शोभेचा. केबल फुटली तर बिघाडाची जागा शोधणारी गाडी लांबून यावी लागते, पूल पाण्याखाली असेल तर येतच नाही. दुरून स्विच चालवणारी यंत्रणा मोबाइलच्या जाळ्यावर चालते आणि वीज गेली की काही वेळात टॉवरही बंद पडतो. या सगळ्यासमोर डीओ फ्यूजची तार आणि लांब काठी हे साधन जुने असले तरी जनमित्राच्या सायकलला बांधून गावात पोहोचते.

भाराचे प्रमाणही पाहावे. १०० केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे पंधरा-वीस पंप चालतात. दुर्गम टोल्यात तेवढाही भार नसतो. तिथे १६ किंवा २५ केव्हीएची छोटी रोहित्रे वापरकर्त्याच्या जवळ बसवणारी उच्चदाब वितरण प्रणाली योग्य. एक जळाले तर दोन-चार घरे अंधारात जातात, गाव जात नाही. पंपासाठी आता सौर कृषिपंप आणि वाहिनीपासून फार लांबच्या टोल्यांत सौर संच हेही खरे पर्याय आहेत.

निवाडा

चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली, वडसा या शहरांच्या दाट भागात, रुग्णालयांत आणि शाळांजवळ युरोपीय घडणीचा पत्र्याचा डबा घ्यावा, आयएसी-एबी प्रमाणित, वर्ग १०, सल्फर हेक्झाफ्लोराइडविरहित आरएमयूसह. खाणींना हलता, भूमिगत खाणींना ज्वालारोधक. ताडोबा परिसरात एस्टर भरलेला डबा आणि आच्छादित वाहिनी एकत्र. आतल्या तालुक्यांत नवी ३३/११ केव्ही उपकेंद्रे ई-हाउसची, कारण तिथे बांधकामाचा हंगाम छोटा. आणि अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची, धानोऱ्याच्या खेड्यांत डीपीच ठेवावा, पण सुधारलेला : बुशिंगवर आवरणे, कुलूपबंद पेटीत किटकॅटऐवजी ब्रेकर, लहान रोहित्रे आणि एबी केबल. अमेरिकी पॅड-माउंट आणि काँक्रीटचे घर यांना या दोन जिल्ह्यांत आज फारसे काम नाही.

निविदा लिहिणाऱ्यांना एकच विनंती. क्षमता आणि किमतीच्या रकान्यांशेजारी आणखी चार रकाने छापा : घराचा तापमानवर्ग, चौथऱ्याची पूररेषेपासून उंची, सुटा भाग किती किलोमीटरवर मिळेल आणि तो बसवायला शिकलेली माणसे त्या तालुक्यात किती. शेवटचे दोन रकाने कोरे राहत असतील तर तो डबा त्या गावासाठी मागवू नका.